पंचानं कुणाच्या पाया पडू नये

हॉटेलात तो भिंतीला पाठ लावून बसायचा. सगळी खोली समोर दिसली पाहिजे.

काहीही विचारलं तरी लगेच उत्तर द्यायचा नाही. "चहा घेणार का?" यालासुद्धा एक श्वास थांबायचा. मग म्हणायचा, "घेणार."

वाद सुरू झाला की हात पाठीमागं बांधायचा.

टेबलावरचा शेवचुरा खिशातल्या छोट्या ब्रशनं झाडायचा. झाडायच्या आधी कुणाकडं पाठ होतेय ते बघायचा.

बूट काळे. रोज पॉलिश. लक्ष्मीपुरीतल्या चिखलातसुद्धा.

फुटबॉलच्या दिवसांत सगळं कोल्हापूर पेठांमध्ये वाटलं जातं. हा कधी कुणाच्या बाजूनं ओरडला नाही. "तू कुणाचा रं?" असं विचारलं तर म्हणायचा, "मी बघणाऱ्यांतला."

कुणी आईची शपथ घेऊन काही सांगायला लागला की म्हणायचा, "शपथ नको. कुठं उभा होतास ते सांग."

आठवलं तेवढं लिहिलं. आणखी असेल.

बसवेश चन्नाप्पा पट्टणशेट्टी. वय अठ्ठावीस. घराणं लिंगायत, मूळचं गडहिंग्लजकडचं. घरात कानडी, दुकानात मराठी. लक्ष्मीपुरीत त्यांचं धान्याचं दुकान आहे. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. पुढं मी मराठी घेऊन एम. ए. झालो. तो बी. कॉम. होऊन वडिलांच्या दुकानात बसला, असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे तो बेसबॉलचा पंच होत होता.

बेसबॉल आपल्याकडं शाळांत खेळतात. राज्य पातळीपर्यंत गेलं की दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण मिळाले की पोरं खेळ विसरतात. बसवेश विसरला नाही, याला कारण आकाराम चौगले सर.

सर आमचे पी.टी.चे मास्तर. राधानगरीकडच्या एका खेड्यातले. काळे, उंच, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग गप्प व्हायचा. बसवेश त्यांच्या संघात कॅचर होता, म्हणजे फलंदाजामागं बसून चेंडू झेलणारा. नववीत एका चेंडूनं त्याचं उजव्या हाताचं बोट मोडलं. तो कोपऱ्यात रडत बसला होता. सर म्हणाले, "खेळता येत न्हाय तर बघ तरी. माझ्या मागं उभा ऱ्हा."

त्याच मोसमात एका सामन्याला पंच आलाच नाही. सरांनी बोट बांधलेल्या बसवेशला उभं केलं. त्यानं आमच्याच संघाचा धावणारा गडी होम प्लेटवर, म्हणजे जिथं पोचलं की धाव होते त्या फलंदाजापाशच्या पाटीवर, बाद दिला. आमची सगळी पोरं त्याच्या अंगावर गेली. "कुणाचं मीठ खातोस?" इथंपर्यंत गेलं. सर बाकावरून उठून सावकाश आले.

"कुठं उभा होतास?"

बसवेशनं जागा दाखवली. सर तिथं जाऊन उभे राहिले. वाकून प्लेटकडं बघितलं.

"हितनं दिसतंय. मग आऊटच."

त्या दिवसापासून तो सरांचा झाला.

सरांची शिकवायची पद्धत वेगळी होती. पहिला सबंध मोसम त्यांनी त्याला बोलू दिलं नाही. कॅचरच्या मागं जाळी, जाळीमागं बसवेश. रोज सकाळी दोनशे चेंडू नुसते बघायचे. चेंडू फलंदाजाच्या गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली असला, आणि प्लेटच्या रुंदीत आला, की स्ट्राइक. नाही आला तर बॉल. एवढंच. पण डोकं हलवायचं नाही. नजरेनंच चेंडू कॅचरच्या हातात पोचवायचा. पापणी मिटली तर तो चेंडू मोजायचा नाही. प्लेटवर धूळ बसली की छोट्या ब्रशनं झाडायची, पण बघणाऱ्यांकडं पाठ करायची नाही.

दुसऱ्या मोसमात बोलायची परवानगी मिळाली. पण एक श्वास थांबून. "चेंडू बसला की लगीच वरडू नको," सर सांगायचे. "डोळ्यांनी बघितलेलं डोस्क्यापातूर जायला येळ लागतो. तेवढा दे." हा श्वास त्यानं इतका घोटवला की तो चहाच्या प्रश्नापर्यंत आला.

आवाजाचा सराव तो दुकानामागच्या गोदामात करायचा. पोत्यांच्या थप्प्यांसमोर वाकून उभा राहायचा. मग उजवा हात बाहेर फेकून ओरडायचा. गळ्यातलं लिंग छातीच्या पॅडखाली नीट सरकवून घ्यायचा, नाहीतर वाकताना टोचतं. एकदा मी तिथं असताना त्याचे वडील आत आले. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो.

"तम्मा, हमाल पळून जातील," अप्पा म्हणाले. "कालच एकानं विचारलं, आत कुणाला मारताय काय?"

"सराव हाय, अप्पा."

"अरे, पंचच व्हायचं तर क्रिकेटचा तरी हो. टीव्हीवर दिसशील. ह्या खेळात बघणारी माणसं किती? तू, ते मास्तर, आणि हा."

हा म्हणजे मी. अप्पा हसले. जाताना एका थप्पीवरचं पोतं सरळ केलं. म्हणाले, "आवाज मात्र चांगला हाय."

दहा-बारा वर्षं अशीच गेली. जिल्हा झाला, राज्य झालं, पंचांच्या परीक्षा झाल्या. तो पास होत गेला. मग गेल्या वर्षी बातमी आली. परदेशातली एक व्यावसायिक लीग पंच तयार करणार होती. भारतातून चौघांना घेणार होते. सहा महिने प्रशिक्षण, नंतर करार. लेखी परीक्षेत बसवेश निघाला. राहिली मैदानावरची चाचणी. ती कोल्हापुरातच होणार होती.

मी त्याला एकदा विचारलं, तुला नक्की काय पाहिजे आहे? पैसा? परदेश?

तो थांबला. एक श्वास नाही, बरेच.

"मला एकदा अशा जागी उभं ऱ्हायचंय," तो म्हणाला, "जिथं मला कोणच वळखत न्हाय. हितं मी काय बी दिलं तरी लोक म्हणत्यात, चन्नाप्पाचं पोरगं हाय, सांभाळून घील. न्हायतर म्हणत्यात, चौगले सरांचं हाय, त्यांच्याकडनं दील. मी नुसतं बघितलेलं सांगतोय, हे कुणाला पटतच न्हाय. तिथं पटंल."

त्याला दुसरं काही नको होतं. त्याचं सगळं त्यातच होतं.

चाचणीचा सामना डिसेंबरातल्या एका रविवारी होता. इचलकरंजीचा संघ आणि राधानगरी तालुक्याचा संघ. तीन परीक्षक. त्यांतले मुख्य बाहेरच्या राज्यातले, हिंदी बोलणारे. मैदान एका कॉलेजचं. मी गॅलरीत होतो. अप्पा आले नाहीत. पण आईनं डबा दिला होता आणि मला बजावलं होतं, "त्याला म्हणावं, खाऊन उभा ऱ्हा."

आदल्या दिवशी राधानगरीच्या संघाचा प्रशिक्षक आजारी पडला. त्यांनी चौगले सरांना बोलावून घेतलं. सर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण नाही म्हणाले नाहीत. बसवेशला हे माहीत नव्हतं. तो प्लेटवर पोचला तेव्हा त्याला सर दिसले.

सामन्याआधी एक रीत असते. दोन्ही प्रशिक्षक होम प्लेटपाशी येतात आणि खेळाडूंच्या नावांचा कागद पंचाच्या हातात देतात. इचलकरंजीचा प्रशिक्षक धैर्यशील म्हणून होता. त्यानं कागद दिला. हात मिळवला. मग सरांनी कागद पुढं केला.

बसवेशनं तोंडावरचा जाळीचा मुखवटा काढून काखेत धरला. वाकला. सरांच्या दोन्ही पायांना हात लावला. तो हात कपाळाला नेला. मग सरळ उभा राहिला आणि कागद घेतला.

मला त्यात काही दिसलं नाही. हजारदा बघितलेलं होतं. दिवाळीला, गुरुपौर्णिमेला, रस्त्यात सर भेटले तरी. गॅलरीतल्या कुणालाच काही दिसलं नाही. धैर्यशीललासुद्धा नाही. तो हसून काहीतरी बोलला. फक्त टेबलामागं बसलेल्या मुख्य परीक्षकांनी वही ओढून काही लिहिलं. मला वाटलं, वेळ लिहिली असेल.

सामना मी तसा दुसरा बघितलेला नाही. म्हणजे खेळ साधाच होता, पण बसवेश वेगळा दिसत होता. वाकून उभा राहिला की दगड. चेंडू कॅचरच्या हातात धप्प करून बसायचा, एक श्वास जायचा, मग आवाज यायचा. गॅलरीतून लोक त्याची फिरकी घेत होते.

"ए पंच, घड्याळ बंद पडलं का तुझं?"

"झोपला वाटतं! उठवा कोणतरी."

"अरं, त्येचा निकाल कोर्टावानी हाय. तारीख पडती आधी."

त्यानं वर बघितलं नाही.

शेवटच्या डावात राधानगरी एका धावेनं मागं होती. तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही टप्प्यांवर, गडी. दोन बाद. फलंदाजावर तीन बॉल, दोन स्ट्राइक. पुढचा चेंडू बॉल ठरला तर चौथ्या बॉलवर सगळे एकेक बेस पुढं सरकून बरोबरी, स्ट्राइक ठरला तर तिसरा गडी बाद आणि सामना संपला. चेंडू आला. प्लेटच्या बाहेरच्या काठावरून आला. फलंदाजानं सोडला आणि पहिल्या बेसकडं चालायला लागला. त्याची खात्री होती.

एक श्वास.

बसवेशचा हात बाहेर गेला. "स्ट्राइक थ्री!"

राधानगरीचा सगळा बाक उठला. कुणीतरी ओरडलं, "पाया पडून गळा कापलास की रं!" दोघं-तिघं मैदानात घुसले. सर त्यांच्या आडवे आले. त्यांचा आवाज आम्हाला वर ऐकू आला.

"मागं व्हा. बरोबर हाय. काठावरनं गेला चेंडू. त्येनं बघितला, मी बी बघितला. तुम्ही बघितला न्हाय, म्हणून वरडाय लागलाय."

संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर भेळ खाल्ली. तो एकदाच म्हणाला, "आज चेंडू थांबलेला दिसत होता." मी त्याला इतका आनंदात कधी बघितला नव्हता. नंतर तर नाहीच.

मंगळवारी निवड समितीचा ईमेल आला. चेंडू ओळखण्यात शंभरापैकी एक्क्याण्णव. सगळ्या उमेदवारांत सर्वांत जास्त. खाली वर्तणुकीचा रकाना होता. त्यात लिहिलं होतं की पंचानं सामन्याआधी एका संघाच्या प्रशिक्षकाचे पाय धरले, हे निःपक्षपणाला धरून नाही. उमेदवारानं सात दिवसांत स्वतःच्या हातानं लिहून, सही करून खुलासा पाठवावा. आपली चूक झाली हे मान्य करावं, आणि पुन्हा होणार नाही अशी हमी द्यावी. त्यानंतरच नावाचा विचार होईल.

तो ईमेल घेऊन माझ्याकडं आला.

"साहित्यिक," तो म्हणाला. मला तो असाच हाक मारायचा. "ह्येचं काय करायचं?"

मला ते सोपं वाटलं. मी तिथंच मजकूर तयार केला. एक पान. सभ्य भाषा. 'संस्काराच्या ओघात माझ्याकडून चूक झाली' असं एक वाक्य घातलं. मला ते वाक्य आवडलंही होतं. छापून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "हे बघून लिही, सही कर, फोटो काढून पाठव. दहा मिनिटांचं काम."

त्यानं वाचलं. थांबला.

"सरांच्या पाया पडलो ही चूक झाली, असं लिहायचं?"

"हो. ते बरोबरच म्हणतायत."

"बरोबरच हाय त्येंचं," तो लगेच म्हणाला. त्या वेळी तो थांबला नाही. "मी परीक्षक असतो तर मी बी मार्क कापलं असतं. पंचानं कुणाच्या पाया पडू नये. मला ते त्या टायमाला सुचलंच न्हाय, हीच माझी चूक. हात आपोआप खाली गेला."

"मग लिही की."

"लिहिणार. पण सरांना न सांगता कसं लिहू? त्येंच्या माघारी त्येंना नाकारल्यासारखं हुतंय."

"फोन कर."

"फोनवर सांगायची गोष्ट हाय व्हय ही?"

मी चिडलो. म्हटलं, सरांना काही वाटणार नाही, तूच वाढवतोयस. बारा वर्षं घालवलीस आणि एका ओळीसाठी अडलास. तो हात पाठीमागं बांधून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "रविवारी दुकान बंद असतंय. जाऊन येतो. सोमवारी पाठवू. मुदत हाय तोवर."

बुधवार गेला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार गेला. त्या चार दिवसांत मी त्याला तीनदा विचारलं. तो दुकानात माप टाकत होता. "रविवारी," म्हणायचा. हंगामाचे दिवस. दुकानात गर्दी. अप्पांना कंबरेचा त्रास. एक दिवस आधी जा, असं मी म्हणू शकलो असतो. मी म्हणालो नाही.

रविवारी दुपारी तो मोटरसायकलवरून राधानगरीकडं गेला. सरांच्या घरी जेवला. ते पुढचं मला सरांनी सांगितलं, नंतर.

जेवण झाल्यावर तो पान खाताना बोलला. मान खाली घालून सगळं सांगितलं. सर हसले. म्हणाले, "लिही की, गाढवा. एवढं इचारायला आलास पेट्रोल जाळत? मी तुला पाया पडायला शिकवलंच न्हवतं. मी तुला बघायला शिकवलं." मग त्याला दारापर्यंत सोडायला आले. तो निघताना वाकायला लागला. मधेच थांबला. सरांकडं बघितलं. दोघंही हसले. मग तो वाकलाच. सर म्हणाले, "हितं चालतंय."

साडेसहाला अंधार पडत होता. राधानगरी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. टायर फुटला होता, म्हणून ट्रॅक्टर सोडवून नेला होता. मागं दिवा नव्हता. लाल कापडसुद्धा नव्हतं. ऊस मागच्या ट्रॉलीच्या बाहेर चार हात आलेला होता.

त्याला ती दिसली नाही.

मला फोन साडेआठला आला. मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा अप्पा व्हरांड्यात बाकावर बसले होते. दुकानातल्या कपड्यांवर. मला बघून म्हणाले, "जेवलास काय?" मी मान हलवली. हो की नाही, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रुद्रभूमीत नेलं. आमच्याकडं जाळतात. त्यांच्याकडं बसवून पुरतात. मी ते पहिल्यांदा बघितलं. त्याला बसवलं होतं. जंगमांनी त्याचं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. चेहऱ्यावर डाव्या बाजूला लागलं होतं, तिथं कापड लावलं होतं. त्याची आई कानडीत त्याला काहीतरी सांगत होती. घाई नसल्यासारखी. मला कानडी येत नाही. बाजूच्या माणसाला विचारायचं धाडस झालं नाही.

सर लांब उभे होते, भिंतीपाशी. पुढं यायला तयार नव्हते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"मी पाय मागं घ्यायला पायजे होता," ते म्हणाले.

मला वाटलं ते कालचं बोलतायत.

"मैदानावर. कागद देताना. त्येला सुचलं न्हाय. पोरगं हाय. मला सुचाय पायजे होतं. माझे पाय होते न्हवं?"

मी काहीतरी समजुतीचं बोललो. कुठल्यातरी पुस्तकातलं असावं. सरांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

तो सोमवार होता. मुदतीचा आदला दिवस. मंगळवारी मी समितीला ईमेल करून कळवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. चांगल्या शब्दांतलं होतं. जानेवारीत चौघांची यादी लागली. मी ती का उघडली, माहीत नाही. चार नावं होती. सगळी वाचली. परत एकदा वाचली.

गेल्या आठवड्यात अप्पांनी मला बोलावलं. गोदामावरच्या खोलीत त्याचं सामान होतं. "तुझं काय असलं तर ने," म्हणाले. ते स्वतः वर आले नाहीत. खाली माप चालू होतं. हमाल एकमेकांना ओरडून आकडे सांगत होते. गोदामात आता तेवढेच ओरडणारे उरले.

माझी दोन पुस्तकं होती. ती घेतली. टेबलावर मी छापून दिलेलं पान होतं. त्यावर ठिकठिकाणी पेन्सिलनं रेघा मारल्या होत्या. 'संस्काराच्या ओघात' खोडलं होतं. शेजारी रेघांचा फुलस्केप कागद. तो त्यानं शनिवारी लिहायला घेतला असावा, कारण वर तारीख शनिवारची आहे. रविवारी आल्यावर पुढं लिहायचं असणार. वळणदार अक्षर. पत्ता पूर्ण. विषय पूर्ण. माझा मजकूर त्यानं घेतलेला नाही. स्वतःचं लिहिलं आहे.

'महोदय, आपला अहवाल वाचला. आपण नोंदवलेली गोष्ट खरी आहे. मी कुठं उभा होतो आणि काय केलं, ते जसं झालं तसं लिहितो. सामना सुरू होण्याआधी होम प्लेटपाशी, दोन्ही प्रशिक्षक समोर असताना, मी आकाराम चौगले सर यांच्या'

एवढंच लिहिलं आहे.